संगणक शिकलेली मुले आणि गावचा कारभार : व्यापाऱ्यांसाठी एक धडा



दुकानातील माल आपण मीटर-मीटर मोजतो, पण सरकारी कचेऱ्यांत आपले किती दिवस बुडतात, हे कोणी मोजत नाही. मुरबाडच्या खेड्यातील शिंपी एका दाखल्यासाठी तालुक्याला येतो. साहेब मीटिंगला गेलेले असतात. दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वर. हा तोटा रोजमेळात दिसत नाही, म्हणून त्यावर उपायही शोधला जात नाही. इतर ठिकाणच्या लोकांनी तो शोधला आहे. संगणक जाणणारी मुले आपला वेळ शहराला देतात आणि नगरपालिकेशी भांडण्याऐवजी तिच्याबरोबर बसून काम करतात. हे कसे चालते, ते आज पाहू.

बोस्टनचे नळ

अमेरिकेत २००९ मध्ये जेनिफर पाल्का या बाईंनी ‘कोड फॉर अमेरिका’ ही संस्था काढली. संगणकतज्ज्ञ तरुणांनी एक वर्ष एखाद्या शहराच्या पालिकेबरोबर काम करावे, अशी तिची योजना होती. त्यातील काही जण बोस्टनला गेले. तेथे हिवाळ्यात आगीच्या बंबाला पाणी देणारे रस्त्यावरचे नळ बर्फाखाली गाडले जात. आग लागली की आधी नळ शोधा! या मुलांनी शहराचा नकाशा संगणकावर मांडला आणि लोकांना सांगितले, ‘आपल्या घराजवळचा एक नळ निवडा, त्याला नाव द्या आणि त्यावरचा बर्फ काढण्याची जबाबदारी घ्या.’ पुढे होनोलुलू शहराने हीच युक्ती त्सुनामीच्या भोंग्यांसाठी उचलली, कारण तेथे भोंग्यांच्या बॅटऱ्या चोरीस जात होत्या. बोस्टनला बर्फ होता, होनोलुलूला चोर होते. युक्ती एकच चालली.

मुंबईचा अनुभव

आपल्या मुंबईत ‘प्रजा’ ही संस्था १९९७ पासून काम करते. महापालिकेबरोबर तिने १९९९ मध्ये नागरिकांची सनद तयार केली आणि २००३ मध्ये संगणकावर तक्रार नोंदवण्याची व्यवस्था उभी केली. तक्रारीला नंबर मिळाला, म्हणजे तक्रार हरवण्याचे निमित्त संपले. परंतु नंबर मिळाला म्हणून गटार साफ होत नाही. म्हणून ‘प्रजा’ माहितीच्या अधिकाराखाली आकडे मिळवून किती तक्रारी आल्या आणि त्या सुटायला किती दिवस लागले, याचे अहवाल प्रसिद्ध करते. नोंद आणि पाठपुरावा ही तराजूची दोन पारडी आहेत.

कोरोनाच्या काळात देशभरातील स्वयंसेवकांनी राज्याराज्यांचे आकडे रोज गोळा करून एका ठिकाणी मांडले. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ पर्यंत हे काम चालले आणि सारा देश ते आकडे पाहत होता. घरी बसलेली मुले काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

आमची चूक

एक गोष्ट आम्ही स्वतःची सांगतो, म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील. दुकानाच्या गुमास्त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे एका एजंटाला पैसे देत आलो. २०१७ च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची नोंदणीतून सुटका केली आणि फक्त ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरवले. आमच्याकडे तीनच माणसे! तरी एजंट येत राहिला, आम्ही देत राहिलो. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने मोबाइलवर बसल्या बसल्या ती सूचना भरून दिली. एजंटाचा दोष होताच, पण विचारले नाही हा दोष आमचा.

शहापूर-मुरबाडमध्ये काय करता येईल?

१) पाण्याची यादी. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, आणि याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुलांनी प्रत्येक हातपंपाला नंबर द्यावा आणि तो मोबाइलच्या नकाशावर टाकावा. एकेका कुटुंबाने एकेक पंप ‘आपला’ म्हणावा. पंप बंद पडला की त्याच दिवशी नंबरासह खबर ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडे जावी.

२) अर्जाचे टेबल. जुम्याच्या नमाजनंतर तासभर दोन मुलांनी मशिदीच्या आवारात बसावे आणि येणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाचा अर्ज भरून द्यावा. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरवलेल्या सेवांना मुदत असते. मुदतीत काम झाले नाही तर दोन अपिले त्याच खात्यात आणि तिसरे आयोगाकडे करता येते. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पावती मात्र जपून ठेवावी.

३) अमानत. लोकांचा आधार नंबर, बँकेचा नंबर, मोबाइलवर आलेला ओटीपी ही अमानत आहे. काम झाले की कागद परत, फोटो पुसून टाकावा. यात ढिलाई झाली तर सारी खिदमत बदनाम होईल.

दोन इशारे

पहिला, यंत्र कामाला लावण्याआधी ग्रामसेवक किंवा नगरपंचायतीच्या साहेबांना भेटून सहमती घ्यावी. त्यांना चोर ठरवून सुरुवात केली तर दुसऱ्या महिन्यात काम थांबेल. दुसरा, मुलांचा उत्साह परीक्षा आली की ओसरतो. म्हणून बाजारातील दोन-चार व्यापाऱ्यांनी मोबाइलचे रिचार्ज, वही-झेरॉक्सचा खर्च उचलावा आणि दर महिन्याला हिशेब विचारावा. ज्या कामाचा हिशेब विचारला जातो, तेच काम टिकते.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणी मदरशात शिकलो. बंद पडलेला हातपंप आणि महिनोन्‌महिने अडकलेला दाखला हेही रस्त्यातलेच दगड आहेत. पुढच्या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यातील फक्त पाच हातपंप मोजून पाहा. सुरुवात तेथूनच होईल, इन्शाअल्लाह.