पहाटेचं नोटिफिकेशन

आजचा शास्त्रपाठ: मार्क १:३२-३९



पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना काही दिवस वाचायला मनाई होती. रोज पहाटे शास्त्र उघडायची त्यांची जुनी सवय. रात्री फोनवर म्हणाले, "आज तू काय वाचलंस ते सांग, तेवढंच माझं मनन होईल." मला काही म्हणजे काही आठवेना. अध्यायसुद्धा नाही. बायबल ॲपवर मात्र माझी २१४ दिवसांची स्ट्रीक चालू होती! "एक स्तोत्र होतं," असं काहीतरी पुटपुटलो. ते "बरं" म्हणाले आणि विषय बदलला. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

वाचत तर मी होतोच. पण त्याच स्क्रीनवर वरून ऑफिसचा मेसेज घसरत यायचा, मग युवक संघाच्या ग्रुपवर "आमेन"ची रांग लागायची. आणि खरं सांगायचं तर, अशी नोटिफिकेशन्स पाठवणारा कोड मी स्वतः लिहिलाय. किती वाजता पाठवलं तर माणूस लगेच ॲप उघडतो, हे आम्ही मोजायचो. दुसऱ्यांच्या पहाटेवर नेम धरणारा मी, माझी पहाट कुठे गेली म्हणून रडत होतो.

आता मार्ककडे या. कफर्णहूममध्ये शब्बाथ संपला, सूर्य मावळला आणि आजाऱ्यांना घेऊन सगळं गाव दाराशी जमलं. येशूने पुष्कळांना बरं केलं. इतक्या दमणुकीनंतर दुसऱ्या दिवशी उशिरा उठला असता तर कोण काय म्हणालं असतं? पण तो अंधार असतानाच उठून ओसाड जागी प्रार्थनेला गेला. मग शिमोन आणि सोबतचे त्याला शोधत आले. मार्कने इथे वापरलेलं ग्रीक क्रियापद नुसतं शोधण्याचं नाही, पाठलाग करून गाठण्याचं आहे. नव्या करारात ते फक्त इथेच येतं. निरोप काय, तर सगळे लोक तुला शोधतायत.

या ठिकाणी मी बराच वेळ अडलो. निरोप खोटा नव्हता आणि फालतूही नव्हता. गावात खरोखरच आजारी माणसं असतील. आपण विचलित होण्याबद्दल बोलतो तेव्हा लगेच रील्सचं नाव घेतो. रील्सबद्दल पश्चात्ताप करणं सोपं आहे हो! माझी प्रार्थना खाल्ली ती चांगल्या गोष्टींनी: कुणाची प्रार्थनाविनंती, टीमची खरी अडचण, मंडळीच्या कार्यक्रमाची तयारी. प्रत्येक मेसेज म्हणत होता, तू लागतोस. आणि मला ते आवडत होतं. कुणीतरी आपल्याला शोधतंय, ही भावना फार गोड असते.

येशू शिमोनावर रागावला नाही. पण कफर्णहूमला परतही गेला नाही. आसपासच्या गावांत जाऊन उपदेश करायचा आहे, त्यासाठीच मी आलोय, असं त्याने सांगितलं. मागणी एकीकडची, तो निघाला दुसरीकडे. पित्याजवळ काय बोलणं झालं ते मार्क लिहीत नाही. मात्र कुणाला "हो" आणि कुणाला "नाही" हे त्याला तिथून उठताना ठाऊक होतं. मी पित्याआधी फोनकडे जातो, म्हणून माझा दिवस कुठे जाणार हे जो पहिला मेसेज करेल तो ठरवतो.

एक गोष्ट मला धीर देते. त्याचाही एकांत मोडलाच की. त्यामुळे ऑन-कॉलच्या आठवड्यात फोन वाजला तर मी आता स्वतःला दोष देत बसत नाही, उठतो. बाकीच्या दिवशी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि हातात कागदी बायबल. स्ट्रीक तुटली. दोन दिवस चक्क वाईट वाटलं!

पप्पांना आता वाचता येतं. तरीही रात्री फोन करून मी त्यांना माझा पाठ सांगतो. काल तीनच वचनं वाचून झाली होती. त्यांनी त्यावर वीस मिनिटं प्रश्न विचारले.

प्रार्थना: प्रभू येशू, उद्या पहाटे कुणी मला शोधायच्या आधी मी तुझ्याजवळ असू दे. आमेन.

उद्याचा पाठ: मार्क १:४०-४५