मनाचा पूर आणि मनाचा दुष्काळ

आमच्या गावात एक शेतकरी आहेत. सारे त्यांना आबा म्हणतात.

एका मृगात आबांची झोप उडाली. रात्रभर जागत, तरी सकाळी थकवा नसे. बोलणे थांबेना. "साऱ्या गावाला पाणी देतो," म्हणाले आणि विहीर खणायला बैलजोडी विकून आले. अडवले की अंगावर धावत. दिवाळीनंतर तेच आबा पांघरूण घेऊन पडून राहू लागले. जेवण नको, बोलणं नको. "माझ्यामुळं घर बुडालं," एवढंच म्हणत. एका पहाटे ते विहिरीच्या काठावर बसलेले सापडले.

गाव म्हणाले, "बाहेरची बाधा आहे." आम्ही मास्तर असून गप्प बसलो. ती आमची चूक झाली. आबांच्या सुनेने मात्र देवीला नारळ फोडला आणि त्याच दिवशी आबांना धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टर म्हणाले, "हा एकच आजार आहे. त्याची टोकं दोन." याला बायपोलर म्हणतात. कधी मनाला पूर येतो, कधी दुष्काळ पडतो. मधल्या काळात माणूस चांगला असतो. म्हणून लोक म्हणतात, सोंग करतो. हे सोंग नव्हे. बाधा नव्हे, पापही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. २०१५-१६ साली देशात मानसिक आरोग्याची पाहणी झाली. तीत दर १,००० प्रौढांत सुमारे ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार झालेला आढळला.

यावर औषधे आहेत. लिथियम हे त्यांपैकी एक. ते एक प्रकारचे क्षारच आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवून दिला. हे औषध चालू असता ठराविक दिवसांनी रक्त तपासावे लागते. उन्हात राबताना पाणी भरपूर प्यावे. जेवणातले मीठ एकदम तोडू नये. जुलाब-उलट्या लागल्या, हात फार थरथरले किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

एकदा बरे वाटले म्हणून आबांनी गोळी सोडली. आठ दिवसांत झोप गेली. सुनेने खूण ओळखली आणि दवाखाना गाठला. त्या वेळी बैल विकायची पाळी आली नाही.

घरच्यांनी एवढे करावे. झोपेवर लक्ष ठेवावे. पूर आला असता वाद घालू नये. पैसा आणि जमिनीचे कागद सांभाळावेत. दारू दूर ठेवावी. माणूस फार खचला तर सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. "हो" म्हणाला तर एकटे सोडू नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. १४४१६ हा टेली-मानसचा फोन २०२२ पासून चालू आहे. तो रात्रंदिवस असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आबा आता बाजाराला जातात. ज्वारीचा भाव स्वतः ठरवतात. गोळी मात्र चुकवीत नाहीत.

वाचा आणि सांगा :
१. आजार उलटल्याची पहिली खूण सुनेने कशावरून ओळखली?
२. बरे वाटले तरी गोळी का सोडू नये?
३. १४४१६ हा आकडा पाटीवर लिहा. घरी गेल्यावर भिंतीवरही लिहून ठेवा.