आंतरराष्ट्रीय विमान कर्मचाऱ्यांची चाचणी व अलगीकरण : नियमांमागील कारणे

आपण आंतरराष्ट्रीय मार्गावरील वैमानिक किंवा केबिन कर्मचारी असाल, त्यांना विमानतळावरून हॉटेलात पोहोचवणारे वाहनचालक असाल, किंवा ते ज्या खोल्यांत उतरतात त्यांची व्यवस्था पाहत असाल, तर हे पत्रक आपल्यासाठी आहे. कोविड-१९ साठी लागू केलेले चाचणीचे व अलगीकरणाचे नियम आज अमलात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या आजाराबाबतची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि श्वसनमार्गाने पसरणारी दुसरी साथ आल्यास याच स्वरूपाचे नियम पुन्हा येतील, आणि ते पाळण्याची वेळ प्रथम आपल्यावरच येईल. नियम केवळ पाठ असून भागत नाही. तो कशासाठी आहे हे ठाऊक असेल, तर नियमपुस्तिकेत न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य निर्णय घेता येतो.

प्रथम दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा, कारण बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. संसर्ग झाल्याचे सिद्ध झालेल्या व्यक्तीला इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे विलगीकरण. संसर्गाची शक्यता आहे, पण तो झाला आहे की नाही हे अद्याप कळलेले नाही, अशा निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीने ठराविक काळ वेगळे राहणे म्हणजे अलगीकरण. विमान कर्मचाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न बहुतांशी अलगीकरणाचा असतो. आपण आजारी नसताना आपल्याला खोलीत बसवले जाते, म्हणूनच ते जाचक वाटते.

प्रवाशांचे नियम कर्मचाऱ्यांना जसेच्या तसे का लावता येत नाहीत?

भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबवली. ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. या दोन वर्षांत विमाने मात्र उडतच होती. परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी ७ मे २०२० पासून वंदे भारत मोहीम सुरू झाली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि ऑक्सिजनचे रिकामे टँकर परदेशातून विमानानेच आले. ही सर्व उड्डाणे करणारी माणसे मोजकी होती. महिन्यातून चार वेळा परदेशी जाऊन येणाऱ्या वैमानिकाला दर फेरीनंतर १४ दिवस घरी बसवायचे ठरवले, तर एका महिन्याच्या कामासाठी ५६ दिवस लागतील. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०२० मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत कर्मचाऱ्यांसाठी प्रवाशांहून वेगळी व्यवस्था असावी, असे देशांना सुचवले. काही ठिकाणी याच्या अगदी उलट मार्गही निघाला. हाँगकाँगमध्ये काही वैमानिकांना सलग काही आठवडे उड्डाण, त्यानंतर हॉटेलातील अलगीकरण आणि मगच घर, असे बंद साखळीचे वेळापत्रक स्वीकारावे लागले.

अलगीकरण शिथिल करायचे म्हणजे धोका नाहीसा झाला असे समजायचे नाही. त्या धोक्याचा भार चाचणी, ठराविक हॉटेल, ठराविक वाहन आणि स्वतःवरील लक्ष यांवर वाटून टाकलेला असतो. यांपैकी एक दुवा सुटला, तर सवलतीचा आधारच जातो.

आगमनाची चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

विमानतळावर आरटी-पीसीआर चाचणी झाली, अहवाल नकारात्मक आला, म्हणजे आपण सुटलो, ही सर्वात रुजलेली आणि सर्वात घातक समजूत आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून नाकाघशात चाचणीला सापडेल इतका वाढेपर्यंत काही दिवस जातात. २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सात अभ्यासांतील माहिती एकत्र करून हे मोजले. संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणीत तो जवळजवळ कोणाचाच सापडत नव्हता. चौथ्या दिवशीही संसर्ग झालेल्या १०० जणांपैकी सुमारे ६७ जणांचा अहवाल नकारात्मक येत होता. लक्षणे दिसू लागण्याच्या दिवशी हे प्रमाण ३८ वर आले आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० वर. त्याहून खाली ते गेले नाही. हे आकडे मूळ विषाणूचे आहेत. पुढील प्रकारांत, विशेषतः ओमायक्रॉनमध्ये, लक्षणे दिसण्यापूर्वीचा काळ कमी झाला. चित्राची ठेवण मात्र तीच राहते.

आता हे आपल्या वेळापत्रकावर ठेवून पाहावे. आपण सोमवारी रात्री निघालात, परदेशी हॉटेलात ३० तास थांबलात आणि गुरुवारी पहाटे परतलात. त्या मुक्कामात संसर्ग झाला असेल, तर गुरुवारची चाचणी तो बहुधा पकडणार नाही. ती पकडेल तो मागच्या आठवड्यातील, कदाचित मागच्या फेरीतील किंवा घरीच झालेला संसर्ग. आगमनाच्या चाचणीत या फेरीचा हिशेब जवळजवळ नसतोच. म्हणून काही दिवसांनी दुसरी चाचणी मागितली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी जोखमीच्या देशांतून भारतात येणाऱ्या प्रवाशांना आगमनाची चाचणी, ७ दिवस घरी अलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी असा क्रम ठरवून दिला होता, त्याचे कारणही हेच. दुसऱ्या चाचणीची तारीख टाळावी असे ज्यांना वाटते, त्यांनी पहिली चाचणी कशासाठी दिली हे स्वतःला विचारावे.

उलट बाजूही आहे. आजारातून बरे झालेल्या व्यक्तीच्या नाकात विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे राहू शकतात आणि चाचणी सकारात्मक येत राहते. अशा कर्मचाऱ्याने पूर्वीचा अहवाल व बरे झाल्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. निर्णय आरोग्य अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा असतो, पण त्यांच्यासमोर कागद नसेल तर तोही त्यांना घेता येत नाही.

अहवाल वाचणे हेही चाचणीइतकेच महत्त्वाचे काम आहे. ३० मे २०२० रोजी वंदे भारत मोहिमेसाठी दिल्लीहून मॉस्कोला निघालेले एक विमान उझबेकिस्तानपर्यंत पोहोचल्यावर परत बोलावण्यात आले. त्यात प्रवासी नव्हते. एका वैमानिकाचा उड्डाणपूर्व अहवाल सकारात्मक होता आणि तो वाचताना नकारात्मक समजला गेला होता. विमान परतले, सर्व कर्मचारी अलगीकरणात गेले आणि प्रवाशांसाठी दुसरे विमान पाठवावे लागले. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. चूक झाली ती शेकडो ओळींच्या यादीवरून नजर फिरवणाऱ्या माणसाकडून. यावर उपाय साधा आहे. आपला अहवाल आपण स्वतः उघडावा, नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि निष्कर्ष वाचावा, आणि मगच कामावर हजर व्हावे. आस्थापनेने तो पाहिला असेलच, असे गृहीत धरू नये.

विमानापेक्षा गाडी

विमानातील हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि पुन्हा आत सोडली जाणारी हवा हेपा गाळणीतून जाते. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. विमान जमिनीवर उभे असताना, वायुवीजन पूर्ण चालू नसताना, तसेच शेजारी बसून जेवताना ही खात्री राहत नाही. तरीही विमानतळ ते हॉटेल हा अर्ध्या-पाऊण तासाचा, काचा बंद आणि वातानुकूलन चालू असलेला प्रवास हा या साखळीतील अधिक कच्चा दुवा ठरला आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १६ जून २०२१ रोजी एका वाहनचालकाला डेल्टा प्रकाराचा संसर्ग झाल्याचे आढळले. आंतरराष्ट्रीय विमान कर्मचाऱ्यांची ने-आण करणे हे त्याचे काम होते. विमान कर्मचाऱ्यांनी ठराविक हॉटेलातच राहावे असा नियम तिथे आधीपासून होता. चालकाने मात्र लस घेतलेली नव्हती आणि ती घेण्याची सक्तीही नव्हती. दहा दिवसांत संपूर्ण महानगरात टाळेबंदी लागू झाली. ती ११ ऑक्टोबरपर्यंत चालली. पोलिसांनी चौकशी केली, पण चालकावर गुन्हा दाखल केला नाही. अशा चालकांना लस सक्तीची झाली ती या घटनेनंतर. वैमानिकाला हॉटेलात काटेकोरपणे बंद करायचे आणि त्याला तिथे पोहोचवणाऱ्या माणसाला सायंकाळी घरी, बाजारात, नातवंडांत मोकळे सोडायचे, हा नियमातील दोष होता. त्याचे खापर गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

मुंबईत सहार-अंधेरी परिसरात, दिल्लीत, बंगळुरूत हेच काम करणाऱ्या चालक बंधूंनी साथीच्या काळात पुढील गोष्टी हक्काने मागाव्यात: चांगल्या प्रतीची व चेहऱ्यावर घट्ट बसणारी मुखपट्टी, नियमित चाचणी, लस, आणि आजारी पडल्यास पगारी रजा. गाडीच्या काचा शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. वातानुकूलन लागलेच तर आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवावे. कर्मचाऱ्यांना मागील आसनांवर बसवावे. त्यांनी मुखपट्टी काढली तर ती लावण्यास सांगण्यात संकोच बाळगू नये. वैमानिक साहेबांना कसे सांगावे, ही अडचण खरी आहे. म्हणून वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांनी सांगण्याची वेळच येऊ देऊ नये.

तैवानचा अनुभव दुसऱ्या अंगाने बोलका आहे. त्या देशात २५३ दिवस एकही स्थानिक संसर्ग नव्हता. ही मालिका २२ डिसेंबर २०२० रोजी तुटली, ती एका मालवाहू विमानाच्या वैमानिकापासून झालेल्या संसर्गाने. वैमानिकांना तेव्हा परतल्यावर केवळ ३ दिवसांचे अलगीकरण होते. त्यानंतर नियम कडक झाले, आणि एप्रिल २०२१ मध्ये मनुष्यबळाची गरज पाहून मुदत पुन्हा ३ दिवसांवर आणली गेली. त्याच महिन्यात वैमानिकांत आणि ते उतरत असलेल्या विमानतळाजवळील हॉटेलच्या कर्मचाऱ्यांत संसर्ग आढळू लागला. तो दोघांच्या कुटुंबांतही पोहोचला. मे महिन्यात वैमानिकांना १४ दिवसांच्या अलगीकरणात पाठवावे लागले. पुढे देशभर आलेल्या लाटेचे सर्व कारण या एका सवलतीत शोधणे योग्य नाही. परंतु तीन दिवस ही मुदत विषाणूच्या वाढीच्या काळाहून कमी आहे, आणि वेळापत्रकाची सोय पाहून ठरवलेली मुदत विषाणू मानत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. चीनच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२० च्या अखेरीस अतिजोखमीच्या मार्गांवरील केबिन कर्मचाऱ्यांनी शौचालय टाळण्यासाठी डायपर वापरावेत, अशी शिफारस केली होती. दहा-बारा तास उभे राहून काम करणाऱ्या माणसाची ही अवहेलना आहे. कर्मचाऱ्यांसाठी एक शौचालय राखून ठेवणे आणि एका वेळी एकानेच मुखपट्टी काढून जेवणे एवढ्याने बराचसा हेतू साधतो. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ प्रवाशांना सन्मानाने वागवण्याचे आणि अलगीकरणात पुरेसे अन्न-पाणी देण्याचे बंधन देशांवर घालते. विमान कर्मचारीही त्यात येतात.

हॉटेलातील मुक्काम

खोली एकट्याची असावी आणि ती एकट्याचीच राहावी. साथीच्या काळात कर्मचारी बाहेर जात नाहीत, पण सहकाऱ्याच्या खोलीत गप्पांना जातात. एकाच विमानातून आलो, आता काय व्हायचे, असे म्हणतात. विमानात मुखपट्टी लावून काढलेले आठ तास आणि बंद खोलीत मुखपट्टीविना जेवत काढलेला एक तास यांत दुसरा अधिक जोखमीचा असू शकतो. जेवण दाराबाहेर ठेवले जावे. हॉटेल कर्मचाऱ्यांनी, पाहुणा गेल्यावर खिडकी असल्यास ती उघडून, खोली काही वेळ मोकळी ठेवून मगच साफसफाईस आत जावे.

दिवसातून दोनदा तापमान नोंदवावे. या नोंदीला अर्थ राहायचा असेल, तर एक पथ्य पाळावे: अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतले असल्यास ते नोंदीत लिहावे. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. विमानतळावरील तापमापकालाही मग काही दिसत नाही. वास येईनासा झाल्यास तो किरकोळ त्रास समजू नये. विमानात धूर किंवा जळके वायर प्रथम नाकालाच कळते. ज्याला वास येत नाही अशा कर्मचाऱ्याने वैद्यकीय तपासणीशिवाय कामावर जाणे हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

लक्षणे लपवण्यामागे बहुधा बेफिकिरी नसते. उड्डाण भत्ता तासांवर मिळतो, चालकाची कमाई फेऱ्यांवर होते. खोकला सांगितला की पैसे बुडतात. सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था आस्थापनांनी साथ येण्यापूर्वीच लेखी करून ठेवावी. एकट्याने खोलीत काढलेले दिवस म्हणजे विश्रांती नव्हे, हेही वेळापत्रक आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. झोप लागत नसेल, मन उदास असेल, तर तेही तापाइतक्याच मोकळेपणाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे.

आजही लागू असलेला नियम

कोविडचे नियम उठले असले, तरी अलगीकरणाचा एक जुना नियम आपल्याला आजही लागू आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून किंवा त्या देशांत थांबून भारतात येणाऱ्या व्यक्तीकडे वैध लसीकरण प्रमाणपत्र नसल्यास तिला ६ दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवता येते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते. ११ जुलै २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नैरोबी किंवा लागोसची फेरी आयत्या वेळी मिळण्याची शक्यता असेल, तर लस आजच घ्यावी आणि पिवळे पुस्तक पारपत्रासोबत ठेवावे. आगमनानंतर ते विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवावे लागते.