चामड्याच्या म्यानाला क्लिप: खर्च किती, पैसे कुठे घालावेत

ऑक्टोबरची गोडी छाटणी आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दिवसभर कात्र्या चालतात. काडी बांधायला, तार ओढायला हात मोकळा करावा लागतो, तेव्हा कात्री जाते खिशात किंवा जमिनीवर. खिशातलं टोक मांडीला लागतं आणि जमिनीवरची कात्री पाचटात हरवते. म्हणून अनेक जण घरीच जाड चामड्याचं साधं म्यान शिवतात. शिवण बहुतेकांना जमते. अडतं ते म्यान कमरेला अडकवण्यापाशी, कारण क्लिप नेहमी सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात बसवली जाते.

आधी खर्च पाहू. पुढचे आकडे किरकोळ बाजाराचे अंदाज आहेत, गाव आणि दुकान बदललं की तेही थोडे बदलतील. दोन भोकांची स्प्रिंगच्या पोलादाची क्लिप साठ ते दीडशे रुपयांना मिळते. पितळी किंवा तांब्याची रिव्हेट सुटी घेतली तर एका क्लिपपुरती वीस-तीस रुपयांत येतात. पाठीला लावायचा चामड्याचा तुकडा म्यानाच्या कापातूनच निघतो. चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून बसवून घेतलं तर मजुरी पन्नास ते शंभर. म्हणजे एकूण काम साधारण दीडशे ते तीनशे रुपयांचं. स्वतः बसवायचं असेल तर भोक पाडायचा पंच आणि रिव्हेट ठोकायचा सेटर यांचे तीनशे ते पाचशे रुपये एकदाच घालावे लागतात. एकच म्यान करायचं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की हत्यारं घेऊ नका. कारागिराकडे आरी, ऐरण आणि हाताची सवय तिन्ही असतात, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करण्यासारखं काही नाही. चार-पाच म्यानं करणार असाल, तरच हत्यारांचे पैसे वसूल होतात.

क्लिप विकत घेताना स्वतःचा पट्टा सोबत न्या. जीन्सवरचे पट्टे बहुधा 38 ते 40 मिलिमीटर रुंद असतात, ऑफिसचे त्याहून अरुंद. क्लिपच्या आतली लांबी पट्ट्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त हवी आणि खालचं टोक आत वळलेलं हवं. ते वळण पट्ट्याच्या खालच्या कडेला अडकतं, म्हणून कात्री उपसताना म्यान हातासोबत वर येत नाही. सरळ टोकाची क्लिप दहा-वीस रुपयांनी स्वस्त मिळते, पण ती घेऊ नये. मोबाइलच्या पाऊचला असते तशी प्लास्टिकची फिरती क्लिपही टाळा. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं आणि वाकून काम करताना तिचा सांधा निसटतो.

खरी काळजी घ्यायची ती रिव्हेटची. साल-हिरड्यासारख्या वनस्पतींच्या रसात कमावलेलं चामडं म्यानासाठी उत्तम, कारण ते आकार धरून ठेवतं. कोल्हापुरी चपलांसाठीही असंच चामडं वापरतात. पण त्यात टॅनिन असतं. लोखंडी रिव्हेट घामाने किंवा पावसाने भिजलं की टॅनिनशी त्याची क्रिया होऊन भोवती काळा डाग पडतो, गंज चढतो आणि भोक हळूहळू सैल होत जातं. तांबं-पितळ लोखंडासारखं गंजत नाही. चार-दोन रुपयांच्या या फरकावर अख्ख्या म्यानाचं आयुष्य ठरतं. दुकानात चुंबक सोबत ठेवा: रिव्हेट त्याला चिकटलं तर वरून पितळी दिसलं तरी आत लोखंड आहे.

रिव्हेट दोन हवीत. एकावर क्लिप फिरते आणि म्यान तिरकं लोंबतं. भोकं चामड्याच्या कडेपासून निदान आठ मिलिमीटर आत घ्या, नाहीतर ओढ बसून कड फाटते. दोन्ही टोकांना टोपी असलेलं रिव्हेट घेणार असाल तर लांबी मोजून घ्या. समजा म्यानाचं चामडं 3 मिलिमीटर, आतला आधाराचा तुकडा 2 आणि क्लिपचा पत्रा 1, तर जाडी 6 झाली. त्यावर दोन-तीन मिलिमीटर जास्त, म्हणजे 8 ते 9 मिलिमीटरचा दांडा हवा. दांडा आखूड असेल तर टोपी धरत नाही, लांब असेल तर ठोकताना आतल्या आत वाकतो.

म्यानाची बाजू शिवण्याआधीच क्लिप बसवावी, मग हातोडी सरळ चालते. पाठीच्या पानावर, तोंडाच्या शक्य तितकं जवळ जागा धरा. वजन पट्ट्याखाली राहिलं की म्यान उलटत नाही. आतून आधाराचा तुकडा लावा, म्हणजे ओढ दोन भोकांवर न येता रुंद पसरते. रिव्हेट ठोकून झाली की आतल्या टोप्यांवर पातळ चामडं सोल्युशनने चिकटवा. हे राहिलं तर पातं दर वेळी धातूवर घासतं आणि कात्रीची धार जाते.

म्यान आधीच शिवून झालं असेल तर आत जाईल अशी लोखंडी पट्टी घालून तिच्यावर रिव्हेट ठोकता येतं. तेही जमत नसेल तर दोन्ही बाजूंनी पिळून बसणारे पितळी स्क्रू वापरा. त्यांना हातोडी लागत नाही, मात्र आट्यांवर डिंकाचा थेंब सोडा, नाहीतर ते चालता चालता सैल होतात.

क्लिप सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. दिवसभर एकाच पट्ट्यावर म्यान राहणार असेल तर चामड्याची पट्टी दुमडून शिवलेली वादी जास्त टिकते, आणि तिला लागतो फक्त मेणाचा दोरा. क्लिप कामाची आहे ती दिवसातून अनेकदा म्यान काढणाऱ्याला. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीच्या 910 क्रमांकाच्या चामडी म्यानाला वादी आणि क्लिप दोन्ही असतात. ही रचना घरच्या म्यानातही करता येते आणि खर्च जेमतेम दोऱ्याइतका वाढतो.

बागेत छाटणीला येणाऱ्या पुष्कळ बायकांच्या कमरेला पट्टा नसतो. साडीच्या निऱ्यांवर किंवा सलवारीच्या नाडीवर स्प्रिंगची क्लिप धरत नाही. कापड पातळ असल्याने ती घसरते आणि उघडी कात्री पायावर पडू शकते. त्यांच्यासाठी शंभर-दीडशे रुपयांचा रुंद कॅनव्हासचा पट्टा हा क्लिपइतकाच गरजेचा खर्च आहे.

कात्री घालण्यापूर्वी म्यान तपासा. क्लिप पट्ट्याला लावून म्यानाला दोरीने एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि दहा मिनिटं चाला. फेल्को 2 कात्रीचं वजन 240 ग्रॅम आहे, म्हणजे ही ओढ तिच्या चौपट झाली. रिव्हेट हललं नाही, क्लिप उघडली नाही, तर म्यान कामाला घ्या.

बागायतदारांना एक विनंती आहे. मजुरांना कात्री देता, तसं म्यान आणि पट्टाही द्या. चामडं घरचं असेल तर क्लिप, रिव्हेट, मजुरी आणि पट्टा धरून माणशी चारशे रुपये, दहा जणांच्या टोळीला चार हजार. ही खरेदी छाटणीच्या आधी, सप्टेंबरमध्येच उरकून घ्या.