कडू खा, पण ताटातलं

अगं मनू, ‘सात दिवसांत लिव्हर स्वच्छ’वाल्या डब्याचा फोटो पाहिला. घेऊ का म्हणून विचारलंयस, तर आधी उत्तर: नको. आता कारणं ऐक, कारण नुसत्या ‘नको’ने गप्प बसणाऱ्यातली तू नाहीस.

यकृत म्हणजे काही चहाची गाळणी नव्हे की चोथा साठला आणि नळाखाली धरली. उजव्या बरगड्यांखाली सव्वा-दीड किलोचा हा अवयव रात्रंदिवस स्वतःच सफाई करत बसलेला असतो. शरीरात तयार झालेल्या अमोनियाचं युरियात रूपांतर कर, पोटात गेलेल्या गोळीची विल्हेवाट लाव, पित्त तयार करून आतड्याकडे पाठव. त्याच्यात साठते ती चरबी, आणि ती कुठल्या चूर्णाने धुवून निघत नाही. उलट तू गिळलेलं प्रत्येक चूर्ण निस्तरायला शेवटी त्याच्याचकडे जातं.

ग्रुपवर फिरणारा दुसरा प्रकारही सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याबद्दल विचारशील. चार दिवस सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्ट, मग रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. सकाळी म्हणे हिरवे खडे पडतात. पडतात, खरंच पडतात! पण ते पित्ताशयातले नसतात. त्या तेलाचाच आतड्यात साबण होऊन त्याच्या गोळ्या बनतात. लोक त्यांचे फोटो काढून पाठवतात, काय म्हणावं.

आता तुझा मुद्दा, की वसंतात शरीरशुद्धी करावी असं आयुर्वेदच सांगतो. सांगतो, पण कशाची? थंडीत साठलेला कफ चैत्राच्या उन्हाने पातळ होतो, भूक मंदावते, अंग जड वाटतं, सर्दी-खोकला निघतो. म्हणून वसंतात वमन. पित्तासाठी विरेचन सांगितलंय ते शरद ऋतूत, म्हणजे दसरा-कोजागरीच्या सुमारास. आणि यकृताचं नातं आपल्याकडे रक्ताशी आणि पित्ताशी जोडलंय. तेव्हा ‘वसंतात लिव्हर साफ करा’ ही जाहिरात आपल्या ऋतुचर्येतली दोन पानं एकत्र चिकटवून केलेली आहे. वसंत आणि यकृत अशी जोडी चिनी वैद्यकात आहे, तिथून ती आली असेल तर असो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या नावावर मात्र खपवू नये.

ऋतुचर्येत वसंतासाठी जे आहे ते फार साधं आहे. जव, जुने गहू, मध घ्यावा. जड, तेलकट, गोड-आंबट कमी करावं. व्यायाम करावा आणि दुपारी झोपू नये. शेवटचं वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते दिसतंय मला.

आणि पाडव्याचा कडुनिंब आहेच. तो मात्र नीट कर, चिमूटभर पान जिभेला लावून सुटका करून घेऊ नकोस. चैत्रात झाडाला तांबूस कोवळी पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा येतो, तो घ्यायचा. जून पान नको, ते नुसतं कडूजहर लागतं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, मिरी, सैंधव, चिंच आणि गुळाचा खडा, सगळं खलबत्त्यात जाडसर वाटायचं. मिक्सरला लावलंस तर त्याचा गुळगुळीत हिरवा चिखल होतो आणि मुलं तोंडात धरत नाहीत. डाळ दाताखाली आली पाहिजे. सुपारीएवढी गोळी पुरे. आपले लोक गमतीचे बघ, त्याच दिवशी गुढीला साखरेची गाठीही बांधतात, आणि दुपारपर्यंत मुलांनी ती फस्त केलेली असते.

पण या गोळीने यकृत सुधारतं असं मी म्हणणार नाही. कडू चवीने तोंडाला रुची येते, जेवण बेताचं होतं, इतपत मला पटतं. रोज उपाशीपोटी वाटीभर कडुनिंबाचा रस पिणं हा वेगळा प्रकार, आणि दिवस गेलेले असताना किंवा त्यासाठी प्रयत्न चालू असताना तर अजिबात नको. हळदीचंही तसंच. डाळीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

गुळवेलीचं ऐकून तू चिडशील, कारण तुझ्या बाल्कनीत ती ग्रिलवर चढलीय. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. तेव्हा २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना सहा रुग्ण असे दिसले की गुळवेल घेत होते आणि यकृताला इजा झालेली होती. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. आक्षेपात तथ्य नाही असं नाही. पण पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या शहरांतल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते त्यांना ते महागात पडू शकतं. तुला थायरॉईड आहे, आणि तोही त्याच जातीचा. तेव्हा वेल राहू दे, छान दिसते. काढा मात्र नको.

भुईआवळीबद्दल मला माया आहे. पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवते, पान उलटं केलं की खाली मोहरीएवढ्या फळांची रांग दिसते. कोकणात आणि देशावरही काविळीला हीच वाटून ताकातून देतात. तिच्यावर अभ्यासही झालाय. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की हिपॅटायटिस बी असलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. केवढी आशा वाटली असेल! पण नंतर इतरांनी करून पाहिलं, तर तसा गुण दिसला नाही. मग गावात ती देऊन माणसं बरी होतात ती कशी? अगं, दूषित पाण्याने होणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मिळतं औषध देणाऱ्याला. बी आणि सी तशा उतरतीलच असं नाही, आणि गरोदरपणात ई जिवावर बेतू शकते. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर आधी रक्ततपासणी. माळ घालणं, कानात औषध घालणं नंतरसुद्धा नको.

तुझ्या डब्यावर कुटकीही लिहिलीय. ती हिमालयात उंचावर येते, इतकी उपटली गेलीय की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मग स्वस्त चूर्णात खरी कुटकी किती, ते तूच बघ. आरोग्यवर्धिनीत कुटकी भरपूर असते, पण पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असतं. शेजारणीला लागू पडली म्हणून घ्यायची गोळी नव्हे ती.

खरं दुखणं काय आहे ते तुझ्या रिपोर्टवर लिहिलंय, ‘फॅटी लिव्हर’. त्यासाठी वजन उतरवणं हाच उपाय. पाच टक्के उतरलं तरी चरबी हटायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही कमी होते. तुझ्या बहात्तर किलोत हिशोब कर, पाच-सात किलोंचा मामला आहे. चार वेळचा गोड चहा, संध्याकाळची फरसाणाची बशी आणि बाटलीबंद ज्यूस इथून सुरुवात कर. कैरीचं पन्हं करताना गूळ निम्मा घाल. दारू तू घेत नाहीस, भाऊजींना सांग. आणि हो, बिनसाखरेची काळी कॉफी यकृताला चांगली असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. या एका बाबतीत तरी तुझ्या मनासारखं झालं.

तरी वैद्यांकडे जायचंच असेल तर जरूर जा, पदवी असलेल्या, नाडीबरोबर रिपोर्टही बघणाऱ्या वैद्यांकडे. थायरॉईडच्या गोळीचं पाकीट आणि जुने रिपोर्ट घेऊन जा. औषधात काय काय आहे ते चिठ्ठीवर नावानिशी लिहून माग. बिननावाच्या पुड्या देत असतील तर नमस्कार करून उठ. आणि औषध सुरू झालंच, तर महिन्याने एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, पुन्हा करून घे.