वस्तीत सेवा उभी करायची असेल तर

नाशिकमधली शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवली. तिथे अनाथ मुलांना आणि गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकी-लोहारकीही शिकवली जाई. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 साली मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनला पोचला. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळींना हा वारसा आहे. गोदावरी ओलांडून पंचवटीत शिरलो की पेठ रोड, फुलेनगर, दिंडोरी रोड या भागांत तशा कामाची आजही गरज दिसते. पेठ-सुरगाण्याहून आलेली कुटुंबे, बाजार समितीतले हमाल, पहाटे पिकअपमध्ये बसून द्राक्षबागांवर जाणाऱ्या बाया. तुमच्या मंडळीला इथे काम करायचे असेल तर ते असे करा.

आधी एकच गल्ली निवडा. तीस-चाळीस घरे पुष्कळ झाली. जायला दोघे हवेत आणि त्यांतली एक बाई हवी. येशूनेही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवले होते. पहिल्या फेरीत वही, बॅनर, खाऊ, कॅमेरा यांतले काहीही नेऊ नका. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि जवळच्या मनपा शाळेचे मुख्याध्यापक यांना आधी भेटा. कोणत्या घरी काय अडले आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असते. मग ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जात राहा. दोन महिने नुसते ऐका.

त्यानंतर अभ्यासवर्ग सुरू करा. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, म्हणजे आया कामावरून परतल्या आणि चूल पेटायची आहे तेव्हाची. जागा वस्तीतलीच घ्या, कोणाचा ओटा किंवा समाजमंदिर. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून वाचायला लावा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे अडेल तिथली गटवारी करा, इयत्ता बघू नका. पाचवीतला मुलगा शब्दावर अडखळत असेल तर त्याला शब्दांपासूनच शिकवायचे, मात्र त्याची मान खाली जाणार नाही असे.

आणि बाळांसाठी वेगळी चटई टाका. हे मी मुद्दाम सांगते आहे. दहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन दारापाशी उभी राहते, आत येत नाही, कारण बाळ रडेल. ती उभ्या-उभ्याच फळ्यावरचे वाचत असते. ओठ हलताना दिसतात. बाळाला खेळवायला एक आजी बसवली की ती मुलगी आत येते, आणि बहुतेक वेळा वर्गातली सर्वांत पुढची तीच निघते.

मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसे असावीत आणि दार उघडे. मुलाच्या अंगावर वळ दिसले, एखादे मूल अचानक गप्प झाले, तर गल्लीत चर्चा न करता 1098 वर फोन करा.

कागदपत्रांचे काम वर्गाच्या पाठोपाठ येतेच. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, आरटीईच्या 25 टक्के जागांचा अर्ज. आईला सोबत घेऊन सेतू केंद्रात जा, पण खिडकीपाशी तिलाच बोलू द्या. अर्ज तुम्हीच भरून आणलात तर पुढच्या वेळीही ती तुमच्याच दारात येईल. आजारी माणसाला पंचवटीतल्या मनपाच्या इंदिरा गांधी रुग्णालयात नेतानाही हेच धोरण ठेवा.

वर्गाला येणाऱ्या मुलांच्या आया एव्हाना एकमेकींना ओळखू लागलेल्या असतात. दहा ते वीस जणींचा बचत गट करा. बैठक, बचत, आपसातले कर्ज, परतफेड आणि हिशेब, पाचही गोष्टी नियमित झाल्या पाहिजेत. खाते बँकेत, पण पासबुक त्यांच्याकडे. पैसा मंडळीतल्या कोणाच्याही हाती येता कामा नये. बापांना गाठायचे तर बाजार उठल्यावर चहाच्या टपरीवर जा. दारूचा प्रश्न निघाला तर उपदेश टाळा आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी बैठकीला त्या माणसाबरोबर स्वतः जाऊन बसा.

आता श्रद्धेचे. आम्ही ख्रिस्ती आहोत हे पहिल्याच भेटीत सांगा. लपवले तर पुढे सगळ्याच कामावर संशय येतो. मात्र वर्ग, दाखला, कर्ज यांतले काहीही प्रार्थनेला बांधू नका. आईबापांच्या संमतीवाचून मुलांना उपासनेला नेऊ नका. कोणी आपणहून प्रार्थना मागितली तर त्याच्या घरी बसून करा. रामकुंड आणि काळाराम मंदिराच्या या परिसरात शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हा सेवेचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानते. गंगापूरजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या घरी आसरा मिळालेल्या मुलांविषयी लिहिले आहे. ते आधी वाचून मगच वस्तीत पाऊल टाका.

जमाखर्च दर महिन्याला गल्लीतच वाचून दाखवा. दोन-तीन वर्षांत वर्गाची किल्ली वस्तीतल्याच एखाद्या दहावी झालेल्या मुलीकडे जायला हवी, तिला मानधन देऊन.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तोवर दोन महिन्यांच्या भेटी झालेल्या हव्यात, म्हणून ईस्टरच्या सुमारास फेऱ्या सुरू करा. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांपाशी थांबा आणि जाणाऱ्या दोघांची नावे नक्की करून घ्या.