घरगुती ध्वनिमुद्रणासाठीं मायक्रोफोनची निवड



१९३२ सालीं प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आपल्या कोल्हापुरांत निर्माण केला. त्या काळीं आवाज टिपण्यास अवजड व खर्चाचीं यंत्रें लागत. आज आजीच्या जात्यावरील ओव्या घरींच मुद्रित करितां येतात. मात्र त्यासाठीं मायक्रोफोन निवडतांना किमतीपेक्षां आपली खोली प्रथम पाहावी.

‘डायनॅमिक’ मायक्रोफोनमध्यें पडद्यास तारेचें वेटोळें जोडलेलें असतें. ध्वनीनें तें चुंबकाजवळ हालून वीज उत्पन्न होते. ‘कंडेन्सर’मध्यें पडदा व धातूची चकती यांमधील अंतर बदलून संकेत निघतो, त्यास बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठा द्यावा लागतो.

कंडेन्सर सतारीचे सूक्ष्म स्वर उत्तम टिपतो. पण तो सहसा थोडा दूर ठेवीत असल्यामुळें पंखा, भांडीं व रस्त्यावरील भोंगेहि त्यांत उतरतात. म्हणून गजबजलेल्या घरास डायनॅमिकच बरा. समोरचा आवाज अधिक घेणारा नमुना निवडून तो मुखापासून चार बोटांवर ठेवावा व त्याची पाठ गोंगाटाकडे करावी. १९६५ सालीं निघालेला शुअर कंपनीचा एस. एम. ५७ गायन, भाषण व ढोलकी या तिन्हींस चालतो. त्याच जातीचे स्वस्त नमुनेहि मिळतात. डायनॅमिकचा संकेत क्षीण असतो; तो वाढवून संगणकास देणारा संच लागतो. तो खर्च आधींच हिशेबांत धरावा.

भिंतींवर गोधड्या टांगिल्यास आवाजाचा घुमारा पुष्कळ आवरतो. त्यास पैसा पडत नाहीं. पालकांनीं मात्र हें काम लांबणीवर टाकूं नये. यंत्रें पुढेंहि मिळतील. वडीलधाऱ्यांचा कंठ पुन्हां मिळणार नाहीं.